नवं ग्राफिक्स कार्ड खरंच नवं आहे का? मोजून भांडायची रीत

मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात एका मशीन शॉपमध्ये इन्स्पेक्शनला आहे. सकाळी आठपासून हातात व्हर्नियर नाहीतर मायक्रोमीटर. लेथवरनं जॉब उतरवून ऑपरेटर म्हणतो, "एक नंबर झालाय साहेब." मी काही बोलत नाही, मोजतो. गेजमध्ये गेला तर गेला, नाहीतर बाजूच्या लाल ट्रेमध्ये. ही सवय घरीपण येते, त्याचा घरच्यांना त्रास होतो तो वेगळा.

मंगळवार पेठेत माझी बहीण राहते. तिचा पोरगा इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. एका रविवारी मिसळ खाता खाता म्हणाला, "मामा, ते ३०६० विकून टाका आता. नवीन जनरेशन म्हणजे डायरेक्ट डबल." ३०६० म्हणजे माझ्या कॉम्प्युटरमधलं एनव्हिडिया कंपनीचं ग्राफिक्स कार्ड, गेममधलं चित्र काढतं ते. मी विचारलं, "कशात डबल? कुठल्या सेटिंगला? किती पैशात?" त्याच्याकडं उत्तर नव्हतं आणि खरं सांगायचं तर माझ्याकडंही नव्हतं. कट संपला, दोन वेळा पाव मागवून झाले, वाद काही मिटला नाही. तो तीन रविवार चालला. त्यातनं जी पद्धत हाती लागली ती इथं मांडतोय. तुमच्या घरात असा भाचा असेल, किंवा तुम्हीच तो भाचा असाल, तर उपयोगी पडेल.

जोड नीट लावा

खासबागेत कुस्ती लावताना जोड बघतात. पैलवानाचं नाव काय, लंगोट कुठल्या रंगाचा, यावर जोड ठरत नाही. ग्राफिक्स कार्डाच्या वादात मात्र सगळे लंगोटाचाच रंग बघतात. ३०६०, ४०६०, ५०६०, या एकामागून एक आलेल्या पिढ्या, पण सगळ्यांच्या शेवटी ६०, म्हणजे झाली जोड! तो आकडा कंपनी स्वतः ठरवते. उद्या तिनं दुसऱ्याच चिपवर तो शिक्का मारला तर आपण काय करणार?

आणि असं झालेलं आहे. २०२२ च्या सप्टेंबरात एनव्हिडियानं ४०८० या एकाच नावाखाली दोन कार्डं जाहीर केली, एक १६ जीबी आणि एक १२ जीबी. फरक फक्त मेमरीचा नव्हता, आतली चिपच वेगळी होती. लोक इतके खवळले की ऑक्टोबरात कंपनीनं ते १२ जीबीचं कार्ड बाजारात यायच्या आधीच मागं घेतलं. जानेवारी २०२३ मध्ये तेच ४०७० टीआय या नावानं आलं आणि जाहीर किंमत ८९९ डॉलरवरनं ७९९ वर उतरली. लोखंड तेच, पाटी बदलली.

म्हणून पहिलं काम म्हणजे नाव झाकून आतला माल बघायचा. जीपीयू-झेड नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात चिपचं नाव, बस (चिप आणि मेमरीमधल्या रस्त्याची रुंदी), मेमरी, सगळं दिसतं. कार्ड अजून हातात नसेल तर कंपनीच्या स्पेसिफिकेशनच्या पानावर बरंचसं मिळतं. मी वहीत हे उतरवलं. ३०६० ची चिप जीए१०६, आकार २७६ चौरस मिलिमीटर, बस १९२ बिट, मेमरी १२ जीबी, वीज १७० वॅट. ४०६० ची चिप एडी१०७, १५९ चौरस मिलिमीटर, १२८ बिट, ८ जीबी, ११५ वॅट. आता ही चिपची नावं जरा निरखून बघा. शेवटचा आकडा ६ चा ७ झालाय, म्हणजे कुटुंबातला एक पायरी खालचा भाऊ वरच्या भावाचा शर्ट घालून आलाय. ५०६० मध्ये परत जीबी२०६ आहे, म्हणजे भाऊ परत जागेवर. बस मात्र १२८ च आणि मेमरी ८ च.

भाचा लगेच म्हणाला, "म्हणजे ४०६० फसवणूकच की!" तसंही नाही. इथंच बरेच जण घसरतात. ३०६० मध्ये ३५८४ कुडा कोअर (चिपमधले गणित करणारे छोटे भाग) आणि ४०६० मध्ये ३०७२, असं दाखवून 'कोअर कमी केले' म्हणून ओरडणारे मी खूप बघितलेत. पण ३०६० सॅमसंगच्या ८ नॅनोमीटर प्रोसेसवर, म्हणजे चिप बनवायच्या पद्धतीवर, बनलं आणि ४०६० तैवानच्या टीएसएमसीच्या जास्त बारीक ४एन प्रोसेसवर. त्यामुळं बूस्ट क्लॉक, म्हणजे चिपची चाल, १.७८ गिगाहर्ट्झवरनं २.४६ वर गेला, आणि चिपच्या पोटातली झटपट मेमरी, म्हणजे एल-टू कॅश, ३ एमबीवरनं २४ एमबी झाली. कोअर कमी असूनही १०८०पी ला, म्हणजे फुल एचडी स्क्रीनला, ते साधारण १५ ते २० टक्के पुढं जातं, तेही ५५ वॅट कमी खाऊन. आमच्याकडं जुन्या लेथवर चार माणसं जे काम काढायची ते सीएनसीवर दोन माणसं काढतात, तेव्हा कुणी 'माणसं कमी झाली' म्हणून मशीनला नावं ठेवत नाही. दोन वेगळ्या पिढ्यांचे कोअर एकमेकांशेजारी मांडून मोजू नका, त्यातनं काही निघत नाही.

त्यापेक्षा एक गोष्ट जरूर बघा: प्रोसेस बदललाय का? ४० ची पिढी आणि ५० ची पिढी, दोन्ही टीएसएमसीच्या ४एन वरच आहेत. प्रोसेस तोच असेल तर फुकटची वाढ कमी. मग वाढ येणार ती जास्त वॅट देऊन, जलद मेमरी लावून, नाहीतर सॉफ्टवेअरमधनं. ४०७० ला २०० वॅट लागायचे, ५०७० ला २५०. ५०६० ला जीडीडीआर७ ही नवी जलद मेमरी मिळाली, म्हणून त्याच १२८ बिटच्या बसवर सेकंदाला ४४८ जीबी जातात. ४०६० ला २७२ जायचे. वाढ आहे की नाही एवढंच नका विचारू, ती कुठनं आली तेही विचारा. त्यावरनं तुम्हाला तिचा उपयोग होणार की नाही हे बरंचसं आधीच कळतं.

कंपनीचा आलेख

जानेवारी २०२५ मध्ये लास व्हेगासला सीईएस या इलेक्ट्रॉनिक्स प्रदर्शनाच्या मंचावरनं एनव्हिडियाचे प्रमुख जेन्सन हुआंग यांनी सांगितलं की ५०७० हे ५४९ डॉलरमध्ये ४०९० ची कामगिरी देईल. ४०९० म्हणजे १५९९ डॉलरचं, १६३८४ कोअरचं, २४ जीबीचं कार्ड. ५०७० मध्ये कोअर ६१४४ आणि मेमरी १२ जीबी. भाच्यानं मला तो व्हिडिओ दोनदा दाखवला. मी म्हटलं, "लेका, आलेखाच्या खालची बारीक अक्षरं दाखव."

त्या बारीक अक्षरांत डीएलएसएस ४ हे एनव्हिडियाचं सॉफ्टवेअर आणि त्यातलं मल्टी फ्रेम जनरेशन असतं. या फ्रेम जनरेशनचं काम समजायला सोपं आहे. गेम एक फ्रेम, म्हणजे एक चित्र, मोजून काढतो, मग पुढची काढतो, आणि मधल्या जागेत कार्ड अंदाजानं चित्रं भरतं. चारपट मोडमध्ये चारातली एक फ्रेम खरी आणि तीन भरलेल्या. स्क्रीनवर सेकंदाला १२० फ्रेम दिसत असतील तर गेम आतनं ३० नंच चाललेला असतो. डोळ्याला गुळगुळीत लागतं, ते खोटं नाही. पण माउस हलवल्यावर गेमला ते कळायचं ३० च्याच चालीनं, उलट मधलं चित्र भरायला पुढच्या खऱ्या फ्रेमची वाट बघावी लागते, म्हणून थोडा उशीरच होतो. आधीच ७०-८० खऱ्या फ्रेम पडत असतील आणि मॉनिटर १६५ हर्ट्झचा (सेकंदाला १६५ चित्रं दाखवणारा) असेल तर ही सोय छान आहे, मी वापरतो असं म्हणालो असतो, पण माझ्या ३०६० ला ती मिळतच नाही. खऱ्या ३० च फ्रेम पडत असतील तर मात्र मेकअप करून उपयोग नाही.

तेव्हा मोजताना नियम एकच. फ्रेम जनरेशन दोन्ही कार्डांवर बंद. अपस्केलिंग (चित्र लहान काढून मग मोठं करणं) ठेवायचं तर दोन्हीकडं तेच आणि त्याच दर्जाचं. आधी असं मोजा, मग हवं तर फ्रेम जनरेशन चालू करून वेगळ्या रकान्यात लिहा. दोन्हींची बेरीज करून 'डबल' म्हणायचं नाही.

भाच्याच्या बाजूनं एक सांगतो, कारण माझीही एकदा जिरली आहे. २०१८ मध्ये २०८० आलं तेव्हा मी भरपूर हसलो होतो. किंमत जवळपास जुन्या १०८० टीआय एवढीच, साध्या गेममध्ये वेगही तेवढाच, मेमरी ११ वरनं ८, आणि ज्या रे ट्रेसिंगचा (प्रकाश खऱ्यासारखा दाखवण्याचा) गवगवा होता ते वापरणारा गेम पहिल्या दिवशी एकही नाही. मी म्हणायचो, ही काय पिढी आहे? पण त्या कार्डात टेन्सर कोअर, म्हणजे एआयचं गणित करणारे भाग, होते आणि डीएलएसएस त्यांच्यावरच चालतं. डीएलएसएस सुधारत गेलं आणि २०२५ मध्ये आलेलं डीएलएसएस ४ चं नवं अपस्केलिंग त्या २० च्या पिढीवरही चाललं. १०८० टीआय ला ते कधीच मिळालं नाही. म्हणून आजचा आकडा लिहिताना शेजारी एक ओळ मोकळी ठेवायची, 'या पिढीत असं काय आहे जे जुनीत नंतर कधीच घालता येणार नाही?' त्या ओळीसाठी जास्त पैसे द्यायचे की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न. मी देत नाही.

प्रत्यक्ष मोजणी

दुसऱ्या रविवारी भाच्याच्या मित्राचं नवं ५०६० आम्ही दिवसभरासाठी मागून आणलं. मशीन भाच्याचंच: प्रोसेसर रायझन ५ ३६००, बी४५० मदरबोर्ड, १६ जीबी रॅम, १०८०पी चा ७५ हर्ट्झचा मॉनिटर. दोन्ही कार्डांना एकच ड्रायव्हर आवृत्ती. मी वही घेऊन बसलो.

पहिल्या मोजणीत माझं ३०६० ७५ फ्रेम आणि नवं ५०६० पण ७५ फ्रेम. मी टाळी वाजवली. "बघ! दमडीचा फरक नाही." ताई स्वयंपाकघरातनं म्हणाली, "झालं एकदाचं." भाचा दोन मिनिटं सेटिंगमध्ये काहीतरी शोधत बसला आणि म्हणाला, "मामा, व्ही-सिंक चालू आहे." म्हणजे मॉनिटर जेवढं दाखवू शकतो तेवढ्यावरच फ्रेम अडवणारी सेटिंग. आयुष्यभर लोकांची मोजमापं तपासली आणि स्वतःच गेज शून्यावर न आणता मोजायला बसलो! तेव्हा पहिली पायरी हीच धरा: व्ही-सिंक बंद, गेममधली फ्रेमची मर्यादा बंद, ड्रायव्हरमधली मर्यादाही बंद.

मग गेम निवडा. स्वतःचेच, दुसऱ्याच्या यादीतले नकोत. ज्यात बेंचमार्क आतच दिलेला आहे असा एक घ्या. सायबरपंक २०७७ मध्ये तो आहे. दुसरा घ्या तुम्ही रोज खेळता तो. अशा गेममध्ये एक ठरावीक वाट ठरवा, ती प्रत्येक वेळी तशीच एक मिनिटभर चाला, आणि कॅपफ्रेमएक्स किंवा प्रेझेंटमॉननं नोंद करा. एमएसआय आफ्टरबर्नर आणि रिव्हाट्यूनर लावून स्क्रीनच्या कोपऱ्यात आकडे बघता येतात, पण नुसतं बघून 'साधारण नव्वद' असं लिहू नका. प्रत्येक मोजणी चार वेळा घ्या आणि पहिली फेकून द्या, कारण पहिल्या फेरीत शेडर (रंग-प्रकाशाचे छोटे प्रोग्राम) तयार होत असतात, कार्डही थंड असतं. उरलेल्या तिघांत मोठी तफावत आली तर चूक कार्डात शोधू नका, मोजण्यात शोधा.

आकडे तीन लिहायचे: सरासरी, एक टक्का लो, आणि जीपीयूचा, म्हणजे कार्डाच्या चिपचा, वापर. एक टक्का लो म्हणजे सगळ्यात वाईट एक टक्का फ्रेमची चाल. गेम अडखळतो की नाही ते इथं दिसतं. सरासरीवर विश्वास ठेवणाऱ्यानं एकदा पावसाळ्यात पंचगंगेची पातळी वर्षाच्या सरासरीनं सांगून बघावी.

जीपीयूचा वापर ९५ टक्क्यांच्या वर असेल तरच तुम्ही कार्ड मोजताय. तो ६० टक्क्यांवर असेल तर कार्ड रिकामं बसलंय आणि प्रोसेसर घाम गाळतोय. भाचा दिवसातले तीन तास व्हॅलोरंट खेळतो. त्यात दोन्ही कार्डांमध्ये जो फरक पडला तो दोन फेऱ्यांमधल्या फरकाएवढाच होता, कारण तिथं अडसर प्रोसेसरचा होता. तीन तासांचा खेळ तो, आणि त्याच्यासाठी नवी पिढी म्हणजे शून्य. हे त्याच्या पचनी पडायला रात्र लागली.

सायबरपंकमध्ये मात्र त्याचं म्हणणं बरंचसं खरं ठरलं. फ्रेम जनरेशन बंद ठेवून नवं कार्ड माझ्यापेक्षा साधारण ४० टक्के पुढं गेलं. डबल नाही, पण ४० टक्के म्हणजे चेष्टा नव्हे. मी ते वहीत लिहिलं आणि त्याच्याकडनं सही घेतली.

टक्क्यांचंही एक आहे. ५० वरनं ७० म्हणजे ४० टक्के, आणि २०० वरनं २८० म्हणजेही ४० टक्केच. पण फ्रेमला लागणारा वेळ पहिल्या ठिकाणी २० मिलिसेकंदांवरनं १४.३ वर येतो, म्हणजे पावणेसहाची बचत. दुसऱ्या ठिकाणी ५ वरनं ३.६ वर, म्हणजे दीडही नाही. पहिला फरक माझ्यासारख्या पन्नाशीच्या माणसालाही कळतो. दुसरा कळतो म्हणणाऱ्याची डोळे झाकून परीक्षा घ्या.

टेक्श्चर वाढवल्यावर

संध्याकाळी मी म्हटलं, आता दुसऱ्या एका अलीकडच्या गेममध्ये टेक्श्चर (वस्तूंच्या पृष्ठभागावरची चित्रं) सगळ्यात वरच्या पायरीला नेऊ आणि रे ट्रेसिंगही लावू. आफ्टरबर्नरमध्ये मेमरीचा आकडा ८ जीबीला टेकला आणि नव्या कार्डाची सरासरी ठीक असतानाच एक टक्का लो धाडकन खाली आला. वळण घेतलं की गाडी अडखळायची. माझं म्हातारं ३०६० कमी वेगानं, पण एकसारखं चालत होतं, कारण त्याच्याकडं १२ जीबी आहेत.

यात बोर्डाचाही हात आहे, आणि आपल्याकडच्या वादात हे कुणी काढतच नाही. ४०६० काय, ५०६० काय, पीसीआयईच्या, म्हणजे कार्ड आणि बोर्ड जोडणाऱ्या रस्त्याच्या, आठच लेन वापरतात. बी४५० सारखा बोर्ड असेल तर तो पीसीआयई ३.० नं बोलतो, म्हणजे आठ लेनमधनं सेकंदाला जेमतेम ८ जीबी. मेमरी पुरते तोवर काही बिघडत नाही. ती संपली की कार्ड रॅमकडनं माल मागवायला लागतं आणि तो या अरुंद बोळातनं येतो. कार्डावरची मेमरी ४४८ नं पळते आणि बाहेरनं येणारा माल ८ नं! परदेशातल्या चाचण्या बहुतेक नव्या कोऱ्या बोर्डावर होतात, तिथं हा त्रास कमी दिसतो. तुमचा बोर्ड चार-पाच वर्षांचा असेल तर त्या चाचण्या तुमच्यासाठी जशाच्या तशा लागू नाहीत. हाच फटका २०२२ मध्ये एएमडीच्या ६५०० एक्सटी ला बसला होता; त्याच्या तर चारच लेन होत्या आणि मेमरी ४ जीबी.

म्हणून ८ जीबी आणि १६ जीबी अशा दोन्ही आवृत्त्यांत कार्ड मिळत असेल, जसं ५०६० टीआय किंवा एएमडीचं ९०६० एक्सटी, तर 'ही पिढी कशी आहे' हा प्रश्नच अर्धवट आहे. कुठल्या आवृत्तीबद्दल बोलताय ते आधी सांगा.

खेळाबाहेरचं काम

शिवाजी पेठेतला माझा एक दोस्त लग्नांचे व्हिडिओ करतो. त्याच्या कॅमेऱ्यात फुटेज ४:२:२ १०-बिट, म्हणजे रंगाची जास्त माहिती साठवणारं, असतं. जुन्या एनव्हिडिया कार्डांना ते हार्डवेअरमध्ये उलगडता येत नव्हतं, म्हणून टाइमलाइन हळदीपासून अक्षतांपर्यंत अडखळत जायची. ५० च्या पिढीत ती सोय आली. त्याच्या दृष्टीनं ही पिढी म्हणजे खरीखुरी क्रांती, आणि ती एफपीएसच्या (सेकंदाला किती फ्रेम याच्या) कुठल्याच आलेखात दिसत नाही. अर्थात इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या प्रोसेसरांमधल्या ग्राफिक्सला हे आधीपासनं जमतं, हे त्याला कळल्यावर त्यानं आपण काय खर्च केला ते मला सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

कोल्हापुरातला हिशेब

डॉलरची किंमत गुणिले विनिमय दर हे गणित करून दुकानदाराशी भांडू नका. अमेरिकेतली जाहीर किंमत करापूर्वीची असते. आपल्याकडं १८ टक्के जीएसटी, वर आयातदार आणि वितरक. राजारामपुरीतल्या दोन-तीन दुकानांत लेखी दर घ्या, ऑनलाइनचा एक घ्या, आणि जुन्या पिढीचं शिल्लक कार्ड किती ला आहे तेही विचारा. मग भागाकार करा. समजा जुनं ३० हजारांना आणि तुमच्या गेममध्ये ६० फ्रेम, म्हणजे फ्रेमला ५०० रुपये. नवं ३९ हजारांना आणि ७८ फ्रेम, म्हणजे परत ५०० च. कार्ड ३० टक्के वेगवान आहे हे खरं, पण तुम्ही ३० टक्के जास्तच मोजताय. याला मी नवी पिढी म्हणत नाही, मोठा डबा म्हणतो.

विजेचा मुद्दा ताईनं काढला. ३०६० च्या १७० आणि ४०६० च्या ११५ वॅटमध्ये ५५ चा फरक; रोज तीन तास, वर्षाचे ३०० दिवस धरले तर साडेएकोणपन्नास युनिट. युनिट १० रुपये धरला तरी पाचशेच्या आत. त्यासाठी कार्ड बदलायचं नसतं. पण पॉवर सप्लाय जुना ४५० वॅटचा असेल, किंवा एप्रिलमध्ये पत्र्याखालच्या माळ्यावरच्या खोलीत बसत असाल, तर कमी वॅटचं मोल पैशापेक्षा जास्त आहे. आमची मोजणी ऐन उन्हाळ्यात झाली, त्यामुळं दोन्ही कार्डांना खोलीचं तापमान तेच राहील याची काळजी घेतली: पंखा एकाच बटणावर, खिडकी उघडी, आणि भाच्याचे मित्र खोलीबाहेर.

तिसऱ्या रविवारी वहीवरनं निकाल वाचला. सायबरपंकमध्ये तो जिंकला, व्हॅलोरंटमध्ये मी, टेक्श्चरच्या चाचणीत माझं म्हातारं. त्यानं ८ जीबीचं कार्ड रद्द केलं, आणि १६ जीबीच्या कार्डासाठी दिवाळीपर्यंत थांबतोय. आधी प्रोसेसर बदलणार म्हणतो, कारण बी४५० बोर्डावर रायझन ५७०० एक्स थ्रीडी बसतो, बायोस (बोर्डाचं मूळ सॉफ्टवेअर) तेवढा अपडेट करायला लागतो. माझं ३०६० किती ला देणार असं त्याच्या त्या मित्रानं मला परवा विचारलं. मी म्हटलं, आधी मोजून जा.